पद्माबाईंची चार दिवसांची रजा

आडखोलच्या करमरकरांच्या घरात शिरायला दोन वाटा होत्या. एक रस्त्यावरून थेट ओटीवर येई. दुसरी पोफळीच्या वाडीतून, विहिरीला वळसा घालून, मागच्या न्हाणीशी पोचे. धाकटी सून पद्मा दवाखान्यातून परतली की या दुसऱ्या वाटेने येत असे. सासूबाईंनी, म्हणजे गोदावरीबाईंनी, न्हाणीच्या दगडावर घागर भरून ठेवलेली असे. डोक्यावरून पाणी घ्यायचे, नेसलेले लुगडे तिथेच भिजवायचे, दांडीवरचे धुतलेले नेसायचे आणि मग स्वयंपाकघराच्या आत पाऊल टाकायचे. दवाखान्यात पद्माचा हात कोणाकोणाला लागतो आणि तिला काय काय उचलावे लागते, हे गोदावरीबाईंना माहीत होते. पण त्यांनी ते कधी विचारले नाही. एक घागर पाण्याने तो प्रश्न मिटत असे.

गोदावरीबाई दुष्ट होत्या असे कोणी समजू नये. थंडीच्या दिवसांत त्या पाणी ऊन करून ठेवीत.

तात्या करमरकरांचे नाव तर पंचक्रोशीत सुधारक म्हणून घेतले जाई, आणि ते खोटे नव्हते. धाकटा मुलगा सदाशिव विषमज्वराने गेला तेव्हा पद्मा बावीस वर्षांची होती. भाऊबंद चिडले, उपाध्यायांनी येणे बंद केले, तरी तात्यांनी तिच्या केसांना हात लावू दिला नाही. तिला पुण्याला नर्सिंग शिकायला पाठवले. ती परत आल्यावर गावात सदाशिवच्या नावाने धर्मादाय दवाखाना काढला. सहा खाटा, एक डॉक्टर, दोन नर्सेस आणि वर देखरेखीला सहा जणांची कमिटी. श्रीवर्धनला कुठे सभा असली की तात्या सांगत, "विधवेला कोपऱ्यात बसवू नका, समाजाच्या कामाला लावा." लोक टाळ्या वाजवीत. पहिल्या रांगेत बसलेल्या पद्मालाही त्या वेळी बरे वाटत असे.

दुसरी नर्स केसर. वरच्या वाडीतल्या कुणब्याची सून, शिकलेली कमी पण हाताची चपळ. नवरा चंदर मुंबईला गिरणीत, घरात सासू बायजा आणि चार वर्षांची मुलगी. केसरला अधूनमधून रजा लागे. मुलीला गोवर आला, चंदर गावी आला, सासूचा पाय मुरगळला. तात्या रजा देत आणि तिच्या पाळ्या पद्मा करीत असे. असा नियम कोणी केला नव्हता, कागदावर कुठे लिहिलेला नव्हता. पण लहानपणापासून सर्वांनी हेच पाहिले होते. घरात कोणी आजारी पडले की उशाशी बसायला घरातली विधवा आत्या किंवा काकू असायची. तिने किती जागरणे केली हे कोणी मोजत नसे. मंगलकार्यात तिने पुढे यायचे नाही आणि आजारपणात मागे राहायचे नाही, एवढे साधे ते होते. आता त्या आत्याच्या जागी पांढऱ्या लुगड्यातली नर्स आली होती.

"पद्मा काय, मोकळीच आहे," असे कमिटीत कोणीतरी म्हणे आणि विषय संपे. आदल्या वर्षी डॉक्टरांनी तिसरी नर्स मागितली होती. कमिटीने उत्तर दिले होते की दोघी पुरतात. दोघी खरोखरच पुरत होत्या, कारण त्यांतली एक दोघींचे काम करीत होती.

सन सत्तावन्नच्या आषाढात फ्लूची साथ आली. वर्तमानपत्रांत आधी मद्रासचे, मग मुंबईचे आकडे येत होते. पावसाळ्यामुळे आगबोटी बंद होत्या, तेव्हा तो रोग आपल्याकडे कसा येणार, असे गावाला वाटत होते. तो एस. टी. ने आला. गिरण्यांत माणसे पडू लागली तशी ती गावाकडे निघाली आणि पंधरा दिवसांत आडखोलात एक घर कोरडे राहिले नाही. लावणीला माणूस मिळेना. कोळीवाड्यात तर घरेच्या घरे आडवी झाली. सहा खाटा भरल्या, मग ओसरीवर चटया पडल्या, मग दोन चटयांच्या मधे तिसरी. नवव्या दिवशी डॉक्टरांनाच ताप भरला. दवाखान्याशेजारच्या आपल्या खोलीत ते घोंगडी पांघरून पडले आणि खिडकीतून औषधांची मापे सांगू लागले.

घरी थोरली जाऊ इंदू आणि तिची मुलगी तापाने पडल्या. तेव्हा पद्मा दवाखान्यातून घरी, घरून दवाखान्यात, अशी दिवसातून चार वेळा येऊ-जाऊ लागली. इंदूला पेज द्यायची, मुलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, सासूबाईंच्या हातून होईना म्हणून चूलही बघायची. प्रत्येक फेरीला न्हाणी, आणि डोक्यावरून पाणी. सतरा दिवस तिचे केस वाळले नाहीत. ओल्याच केसांचा अंबाडा ती बांधी आणि त्यावर पदर घेई. त्याला आंबट वास येऊ लागला होता. रोग्याच्या अंगावर वाकताना तो आपला आपल्यालाच येई, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखे होई.

अठराव्या दिवशी दुपारी दोघी सुया उकळत उभ्या होत्या. केसर चिमट्याने एकेक सुई काढून ताटलीत ठेवत होती.

"ताई, तुमी निजल्या कवा?"

"काल."

"काल म्हंजे कवा?"

पद्माने आठवून पाहिले. "परवा असेल."

"माजी सासू काय बोलते ठाव हाय? बोलते, तुमच्या दवाखान्यात भूत कामाला ठेवलंय काय? मी बोलले, भूत न्हाय गो, बामणीन हाय."

पद्मा हसली. हसणे थांबायला हवे होते तिथे थांबले नाही. ते चालूच राहिले, मग त्याचा आवाज बदलला, आणि तिने तोंडावर पदर दाबून धरला. केसरने चिमटा खाली ठेवला.

"रडा. रडा की. मी घरी गेले की पयली बोंबलून रडते. त्या कोळ्याचा बाप गेला ना परवा, तवा तर शेजारची धावत आली, बोलली कोण मेलं? सासू मना बोलते, रड बाय, मंग जेव. मंग पायाला तेल लावते. तुमी कुटं रडता?"

"न्हाणीत," पद्मा म्हणाली. "पाण्याबरोबर. वेगळा वेळ लागत नाही."

केसरने चिमटा उचलला आणि काढलेलीच सुई परत पाण्यात टाकली.

"चार दिस रजा मागा. मी सांभाळते. डाक्टर बी उद्या-परवा उठतील."

"कोणाजवळ मागू?"

"आता गं बाई! सासऱ्याजवळ. मी मागते ती त्यांच्याजवळच ना?"

त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तात्या ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. पद्मा आतल्या दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली.

"मामंजी, मला चार दिवसांची रजा हवी होती. तळ्याला जाऊन येते, दादाकडे."

तात्यांनी चष्मा काढला. "का गं? महादेवाला बरं नाही का?"

"नाही. दादा बरा आहे."

"मग? काही कार्य आहे त्यांच्याकडे?"

"कार्य नाही." तिला वाटले होते की पुढचे सांगावे लागणार नाही. "मला झोपायचं आहे."

तात्यांना प्रथम नीट ऐकू आले नाही असे वाटले. मग ते प्रेमाने हसले. "अगं, झोपायला तळ्याला कशाला जायला हवं? हे घर काय परक्याचं आहे? जा, आत्ता जाऊन पड. इंदूचं आज तुझ्या सासूबाई बघतील."

"सासूबाईंची कंबर धरली आहे."

"मग एक दिवस जरा ओढून ने. हे बघ पद्मा, केसरला मूल आहे, संसार आहे, तिला अडचणी असायच्याच. तू मोकळी. अशा प्रसंगी आपल्यासारख्यांनी रजा म्हटलं तर सदाच्या नावाच्या पाटीखाली उभं कोण राहायचं?"

पद्मा "बरं" म्हणाली.

हा शब्द इतक्या घरांतून, इतक्या बायकांच्या तोंडून इतक्या सहज निघतो, की ऐकणाऱ्याला आपण काही नाकारले आहे हे समजतसुद्धा नाही. तात्यांना ते समजले नाही. त्यांनी चष्मा घातला. पद्मा आत जाऊन इंदूच्या पेजेसाठी तांदूळ निवडू लागली. निवडलेले आणि न निवडलेले तिने पुन्हा एकत्र केले आणि पुन्हा निवडायला बसली.

नंतरचे दोन दिवस तिला कोणी खोकत नसताना खोकल्याचा आवाज ऐकू येत होता. नाडी धरून ती मोजायला लागे आणि चाळीसाच्या पुढे आकडा हरवे. मग पुन्हा पहिल्यापासून. रोग्यांना वाटे, बाई किती काळजीने बघतात.

विसाव्या दिवशी दुपारी सोनाबाई नावाच्या कोळणीला खोकल्याचे औषध द्यायचे होते. दोन चमचे, दर चार तासांनी. कपाटात वरच्या फळीवर ते औषध, खालच्या फळीवर फरशी पुसायच्या औषधाची बाटली, दोन्ही तपकिरी. पद्माने बाटली काढली, बूच काढले, पेल्यात ओतले आणि सोनाबाईच्या मानेखाली हात घालून तिला उठवले. केसर पलीकडच्या खाटेशी होती. तिला वास आला. ती धावली आणि तिने पद्माच्या हातावर इतक्या जोराने मारले की पेला भिंतीवर जाऊन फुटला.

"ताई! वास न्हाय आला तुमाला?"

वास आला होता. तो कशाचा आहे हेही तिला कळत होते. हात मात्र थांबत नव्हता. हे तिने नंतर केसरला सांगितले. त्या वेळी तिने रिकामा हात पदराला पुसला. ती ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली. सोनाबाई खाटेवरून धापा टाकत ओरडत होती, "मी पिले न्हाय गो बाय! थेंब बी न्हाय. तू रडू नको." पण पद्मा रडत नव्हती. तिला उठता येत नव्हते, एवढेच. केसरने हाताला धरून ओढले तरी पाय जमिनीवर टेकेनात.

डॉक्टर तसेच घोंगडी पांघरून आले. त्यांनी पद्माचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, अंगाला हात लावून पाहिला.

"ताप नाही," ते म्हणाले. "केसर, हिला इथून घेऊन जा. मी बसतो खुर्चीवर."

"घरी नेऊ?"

डॉक्टरांना सहा वर्षांत करमरकरांचे घर पुरते माहीत झाले होते. "तिच्या घरी नको," ते म्हणाले. "तुझ्या घरी ने. निजव."

अशा रीतीने, भर दुपारी, बाजारातून, तात्या करमरकरांची सून कुणबणीच्या खांद्यावर हात टाकून वरच्या वाडीकडे चालत गेली आणि सगळ्या गावाने ते पाहिले.

गावाला कारण शोधायला वेळ लागला नाही. बाई रोज ओल्या केसांनी तिन्हीसांजेला मसणवटीच्या वाटेवरून जाते, तिला बाहेरचे लागले. गोदावरीबाईंनी देवापुढे नारळ ठेवला. हे केस ओले का असतात, हे विचारावे असे त्यांनाही सुचले नाही. कमिटीतले अंबाजी तांदळाचे व्यापारी होते. ते म्हणाले, मी भगताला बोलावतो, तासाचे काम आहे.

"माझ्या घरातल्या माणसासाठी भगत येणार नाही," तात्या कडाडले. "या गावात मी हयातीभर काय सांगत आलो?"

"मग काय झालंय तिला?"

तिने 'मला झोपायचं आहे' असे सांगितले होते, हे तात्यांना आठवत होते. पण ते उत्तर असू शकते, असे त्यांना वाटले नाही. माणूस फ्लूने पडतो, विषमज्वराने पडतो, शोकाने पडतो. ज्याच्यापाशी घर आहे, दोन वेळचे अन्न आहे, समाजात मान आहे, तो माणूस नुसता दमून पडतो?

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर कमिटी बसली. अंबाजींचे म्हणणे सरळ होते. "नर्सनं रोग्याला विष पाजलं अशी बोंब उठली तर उद्या दवाखान्याला टाळं लागंल. काहीतरी लिहून घ्या तिच्याकडून." तेव्हा ठरले की पद्माने एक अर्ज द्यावा. 'त्या दिवशी मला सडकून ताप होता, मी भ्रमात होते, झालेल्या प्रमादाबद्दल मी कमिटीची क्षमा मागते.' मसुदा तात्यांनी स्वतः केला. आपण तिच्यावर मोठा उपकार करीत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ताप सर्वांनाच येतो, त्यात नाव जात नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवून, छत्री घेऊन, तात्या वरच्या वाडीला गेले. त्या वाडीत ते दर निवडणुकीला येत. अंगणाच्या आत आले नव्हते. बायजा पडवीत तांदूळ पाखडत बसली होती.

"पद्मा आहे ना?"

"हाय."

"बोलाव तिला."

"निजलीय."

"अगं, दहा वाजले."

"वाजूं दे की. मधी उठली, पेज पिली, परत निजली."

"मी आलोय म्हणून सांग."

"सांगीन ना. उठली की सांगीन."

आजवर कुठल्याही घरी तात्या आले आहेत असे सांगितल्यावर आतले माणूस झोपलेले राहिले नव्हते. "बायजा, काम महत्त्वाचं आहे. कमिटीचं."

"आसंल. पर उठवायची न्हाय. डाक्टरानं सांगितलंय, आनि डाक्टरानं सांगितलं नसतं तरी उठवली नसती." तिने सूप बाजूला ठेवले. "बसा. घोंगडी घालते. चालंल ना तुमाला आमची घोंगडी?"

तात्या बसले. पावसाच्या पागोळ्या अंगणात पडत होत्या. कोंबड्या त्यांच्या वहाणांशी येऊन बघून गेल्या. आतून, कुडाच्या भिंतीपलीकडून, संथ घोरण्याचा आवाज येत होता. बराच वेळ त्यांना वाटले की केसरचा नवरा आला असेल. मग लक्षात आले की ही पद्मा आहे. इतकी वर्षे एका घरात राहून आपली सून घोरते हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना ओशाळल्यासारखे झाले आणि ते उगाच छत्रीची मूठ पुसू लागले.

"पयल्या दिशी डोळं उघडं ठेवून पडली व्हती," बायजा म्हणाली. ती पुन्हा पाखडू लागली होती. "बोलना न्हाय, चालना न्हाय. मी पायाला तेल लावलं. तवा येकदम हंबरडा फोडला. म्या बोलले, आता बरी व्हनार. भूतबीत काय न्हाय, तात्या."

"मी कुठं म्हणतो भूत आहे?"

"तुमी म्हना ना म्हना, गाव बोलतंय. तुमच्या वाडीत रहाटाला बैल हाय ना? त्याला किती येळानं सोडताव?"

"दोन प्रहरांनी. का?"

"काय न्हाय. इचारलं."

साडेअकराला पद्मा उठून बाहेर आली. चेहरा सुजलेला, केसरचे लुगडे नेसलेली. सासऱ्यांना पाहून तिने पदर सावरला आणि दाराशी बसली. तात्यांनी कागद पुढे केला. तिने तो सावकाश, दोनदा वाचला.

"यात ताप लिहिला आहे."

"हो. नुसती सही कर. बाकी मी बघतो."

"मला ताप नव्हता, मामंजी."

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. लोकांना सांगायला काहीतरी हवं ना?"

"खरं सांगता येईल. मी दमले होते."

"दमणं हे काय कारण झालं?" तात्यांचा आवाज चढला आणि बायजाने मान वर केली, तसा उतरला. "साथीत सगळेच दमतात. डॉक्टर दमले नाहीत? केसर दमली नाही?"

"केसर दमते तेव्हा रजा मागते, आणि तुम्ही देता. मी मागितली तेव्हा तुम्ही विचारलंत, कार्य आहे का म्हणून."

तात्यांनी खिशातले पेन काढून तिच्यापुढे धरले.

"मी यावर सही केली," पद्मा म्हणाली, "तर सगळं आहे तसंच चालेल. मग एक दिवस केसरच्या हातून असंच होईल. तेव्हा केसर पलीकडे उभी असणार नाही. तिच्याकडूनही तुम्ही ताप लिहून घ्याल, पण त्या वेळी पेला रोग्यानं प्यायलेला असेल."

तिने कागदाची घडी घातली, जशी होती तशी, आणि त्यांच्या हातात परत दिली.

"मला लेखी हवं आहे. तिसरी नर्स. दोघींना आठवड्यातून एक दिवस सुटी. मला दवाखान्यात राहायला खोली. मी दिवसातून चार वेळा अंघोळ करायला घरी येणार नाही. हे होईपर्यंत मी कामावर येत नाही."

"साथ चालू असताना? पद्मा, हे तू बोलतेस?"

"हो. बोलताना मलाही भीती वाटते आहे. पण माझ्या हाताची जास्त वाटते."

तात्या उठले. छत्री उघडता उघडता ते थांबले. ज्याच्यासाठी आयुष्यभर भाऊबंदांशी भांडलो, त्यानेच आपले चुकले म्हणून सांगावे, हे म्हातारपणी सोसणे सोपे नसते. "मी तुला काय कमी केलं?" त्यांनी विचारले. त्यांना खरोखर उत्तर हवे होते.

पद्माने विचार केला. तिला त्यांना दुखवायचे नव्हते. "काही कमी केलं नाहीत," ती म्हणाली. "पण इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीत, दमलीस का म्हणून. इंदूवहिनींना विचारता. वाटेवरच्या टपालवाल्यालाही विचारता."

तात्या पावसात उतरले.

यानंतर जे झाले ते लिहिताना हात जड होतो, कारण त्यात सांगण्याजोगे फारसे काही नाही. कमिटी दोनदा बसली आणि दोनदा उठली. अंबाजी म्हणाले, आज नर्सला सुटी दिली तर उद्या झाडूवाला मागेल. एकाने विचारले, एकट्या बाईला सुटी घेऊन करायचे काय? दुसरा म्हणाला, कुणब्याच्या घरी राहते, आधी त्याचे बघा. डॉक्टर आणि केसर दोघेच दवाखाना ओढत होते. त्या दिवसांत गावातले एक म्हातारे गृहस्थ वारले. ते आपल्या घरी वारले, दवाखान्यात आलेच नव्हते. तरी त्यांच्या मृत्यूचा बोल पद्माच्या माथी आला. वरच्या वाडीला जाऊन कोणीतरी तो तिच्या कानावरही घातला. तिने त्या दिवशी जेवण घेतले नाही. पण ती खाली उतरली नाही.

दहाव्या दिवशी, केसरनेही 'मी बी येत न्हाय' म्हटल्यावर, ठराव झाला. 'कमिटी उदार होऊन उभय नर्सेसना आठवड्यातून एक दिवस सुटी व दवाखान्याच्या मागील खोलीत राहण्याची मुभा देत आहे. तिसऱ्या नर्सचा विचार यथावकाश करण्यात येईल.' लिहिणारे तात्याच होते. 'उदार होऊन' हे दोन शब्द खोडावेत म्हणून त्यांनी लेखणी टेकवली. अंबाजी वाकून बघत होते. तात्यांनी लेखणी उचलली आणि शब्द तसेच राहू दिले.

पद्मा कामावर परत आली. साथ ओसरू लागली होती. सोनाबाई खाट सोडून घरी जाताना तिच्यासाठी सुकटीची पुडी ठेवून गेली आणि मग बामणीण सुकट खात नाही हे आठवून, अर्ध्या वाटेवरून ती परत न्यायला आली. दवाखान्यात महिन्याभरात कोणी मोकळेपणी हसले असेल तर ते त्या दिवशी.

पद्माची पहिली सुटी गुरुवारी आली. ती मागच्या खोलीत खाटेवर पडली होती. सकाळचे नऊ वाजले असतील. दवाखान्याच्या दाराशी अंबाजींचा आवाज आला.

"पद्माबाईंना पाठव. सुनेला ताप आहे, कालपासून."

"मी येते," केसर म्हणाली. "किती हाय? उलटी-बिलटी?"

"तू नको. त्यांनाच बोलाव."

"त्यांची सुटी हाय आज."

"सुटीच आहे ना, मग मोकळ्या असतील. उठव."

"तुमीच ठराव केलाव, सावकार. तुमचीच सही हाय खाली."

"सही हाय म्हणून माणुसकी नाही होय? ही काय चार पावलांवर खोली. मीच हाक मारतो." आणि त्यांनी हाक मारली. "पद्माबाई!"

पद्मा जागी होती. पहिल्या शब्दालाच तिचे पाय खाटेखाली उतरले होते. तिने पायांना तसे सांगितले नव्हते. एक दिवसाचा ताप, उलटी नाही, हे तिने ऐकले होते. केसरला ते सहज जमण्यासारखे होते, हेही ती जाणून होती. तरी फरशीवर टेकलेली ती पावले उठायला निघाली होती. दुसरी हाक आली. पद्माने दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. मग पाय एकेक करून वर घेतले, चादर ओढली आणि भिंतीकडे तोंड केले.

केसर पिशवी घेऊन अंबाजींच्या मागोमाग गेली. त्यांची सून दोन दिवसांत बरी झाली. अंबाजींनी ते बाजारात कोणाला सांगितले नाही. त्यांनी सांगितले ते एवढेच, की करमरकरांची सून चार पावलांवर पडून होती, दोन हाका मारल्या, उठली नाही. ऐकणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. शिकून बायका अशा होतात, असे कोणी म्हणाले. तात्या तिथेच उभे होते. त्यांनी छत्री उघडली आणि घराची वाट धरली.

ही हकिगत वाचून ज्यांना पद्माबाईंचे ते न उठणे खटकले असेल, त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे? ते खटकावे अशीच आपली सर्वांची घडण आहे. त्यांना एवढेच विनवायचे आहे. आपल्या घरात कोणी आजारी पडले की उशाशी नेहमी कोण बसते, ते आठवून पाहावे. चेहरा आठवेल. बहुधा एकच आठवेल. त्या माणसाला आज तिथून उठवावे, निजायला पाठवावे, आणि त्या जागी आपण बसावे.